‘पेपर चॅम्पियन’ला मराठीत काय म्हणाल?

टाचणखूण:
दिवाळी अंकासाठी केन नॉर्टन या अमेरिकन बॉक्सरवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात त्याला ‘पेपर चॅम्पियन’ म्हटलंय, म्हणजे जगज्जेतेपदाची लढत न जिंकताच पद मिळालेला. मी लिहिलं ‘कागदी जगज्जेता’. संपादकांनी ते खोडून ‘नामधारी विजेता’ केलं. कागदी म्हटलं की वाचकाला लिंबू आठवतं म्हणे! पण नामधारी म्हणजे खुर्चीवर बाई आणि सह्या करणारा नवरा, तो सरपंचपदाचा प्रकार. नॉर्टनच्या वतीने दुसरं कुणी ठोसे खात नव्हतं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने जगज्जेत्या मुहम्मद अलीला हरवलं. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचं म्हणणं, आता नॉर्टनशी खेळ. स्पिंक्सने अलीशीच परतीची लढत धरली. मार्चमध्ये कौन्सिलने त्याचं पद काढून नॉर्टनला दिलं, आणि आधार दाखवला नोव्हेंबर १९७७ मधल्या जिमी यंगविरुद्धच्या विजयाचा. ती लढत मुळात आव्हानवीर ठरवण्यासाठी होती. ती जगज्जेतेपदाची होती हे साडेचार महिन्यांनी ठरलं! जूनमध्ये लॅरी होम्सने त्याला हरवलं. मग शब्द कोणता?

तांबडा-पांढरा:
‘पुढे चाल’. समोरचा आलाच नाही की आपण हेच म्हणतो.

टाचणखूण:
पण यंग आला होता की. १५ फेऱ्या झाल्या. पंचांचंही एकमत नव्हतं, यंगच जिंकला म्हणणारे आजही भेटतात.

तांबडा-पांढरा:
मग आमच्या गावची गोष्ट ऐका. जत्रेच्या फडात एका पैलवानाची जोड ठरली होती. समोरच्याचा टेम्पो वाटेत बंद पडला. कमिटीने अंधार पडेपर्यंत वाट बघितली आणि पितळी घागर याला देऊन टाकली. गडी अंगाला माती न लागता घागर खांद्यावर घेऊन घरी. तेव्हापासून त्याचं नाव ‘घागरवाला’. पुढे त्याने चांगल्या चांगल्यांना चितपट केलं, पण नाव गेलं नाही. नातवालाही घागरवाल्याचा म्हणतात. तुमच्या नॉर्टनला घागरवाला म्हणा, आमच्याकडे तरी सगळ्यांना कळेल.

सातासमुद्रापार:
शब्दाआधी माणूस बघा. १९७३ मध्ये सॅन दिएगोत याच नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं होतं. १९७६ मध्ये यांकी स्टेडियमवर अलीला विजयी दिलं, त्यावर अजून भांडणं होतात. होम्सविरुद्धची लढत यूट्यूबवर आहे, निदान पंधरावी फेरी तरी बघा. दोघांना हात वर धरवत नाहीत आणि तरी थांबत नाहीत. दोन पंचांनी १४३-१४२ होम्सला दिले, तिसऱ्याने तेवढेच नॉर्टनला. एका गुणाने पद गेलं. याला कागदी म्हणायचं?

अनुस्वार:
भावना पोचल्या. परंतु ‘जगज्जेता’ची फोड करा: जगत् अधिक जेता. जेता म्हणजे जिंकणारा. नॉर्टन जगज्जेतेपदाच्या तीन लढती खेळला. १९७४ मध्ये काराकासला फोरमनने दुसऱ्याच फेरीत झोपवला, १९७६ मध्ये अली, १९७८ मध्ये होम्स. तिन्ही हरला. पद बहाल करता येतं, जेता कसा बहाल करणार? तेव्हा ‘जगज्जेतेपदधारक’ लिहा. आणि ‘बॉक्सिंग’ कशाला? मुष्टियुद्ध हा शब्द काय वाईट आहे?

तांबडा-पांढरा:
जगज्जेतेपदधारक म्हणेपर्यंत पुढच्याचा ठोसा बसतो. आणि माझी पुतणी बॉक्सिंगला जाते, मुष्टियुद्धाला जाते असं तिने सांगितलं तर आई दार लावून घेईल.

निवृत्त मास्तर:
टाचणखूणताई, ‘मानकरी’ घ्या. गावात पालखीचा मानकरी असतो, होळीच्या पहिल्या नारळाचा असतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू काय जिंकलास? मान त्याचा आहे एवढंच. नॉर्टनला मान मिळाला, लढतीविना मिळाला. चपखल बसतो.

अनुस्वार:
मास्तर, वर्तमानपत्रं जिंकणाऱ्या प्रत्येकाला ‘किताबाचा मानकरी’ म्हणतात. तुमचा चिमटा कुणाला कळणारच नाही.

निवृत्त मास्तर:
वर्तमानपत्रांनी शब्दाचं मीठ घालवलं, तो माझा दोष नाही.

सातासमुद्रापार:
लोक पन्नास वर्षं एखादा शब्द एका अर्थाने वापरतात म्हणजे तोच अर्थ झाला, मास्तर.

अनुस्वार:
‘किताब’चंही तेच. मूळ शब्द ‘खिताब’, म्हणजे पदवी. पुस्तकवाला ‘किताब’ वेगळा. ख चा क करून आपण दोन्हींची खिचडी केली.

निवृत्त मास्तर:
अहो, मराठीत किताब म्हणजे पदवीच, पुस्तकाला कोण किताब म्हणतं? उगाच खिचडी शोधता. तुमच्या नियमाने निम्मी मराठी परत पाठवावी लागेल.

अनुस्वार:
पाठवायची नाही. कुठून आली ते माहीत असावं.

टाचणखूण:
मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. मला ‘कागदोपत्री जगज्जेता’ सुचतंय. पदाची नोंद झाली ती कागदावरच, हेही त्यात येतं. चालेल का?

सातासमुद्रापार:
त्यातही तो लायक नव्हता असाच निकाल येतो. मूळ लेखकाला तेच म्हणायचंय का?

टाचणखूण:
त्याला म्हणायचंय, पण मला पटत नाही. तीच तर पंचाईत आहे.

निवृत्त मास्तर:
मग भाषांतर कशाला करताय, स्वतःचा लेख लिहा.

तांबडा-पांढरा:
मला एक सांगा, कागदी लिंबाला कागदी का म्हणतात?

अनुस्वार:
साल कागदासारखी पातळ म्हणून. कागदी बदामाचंही तेच, बोटांनी फुटतो.

निवृत्त मास्तर:
आमच्याकडे त्याला नुसतं लिंबू म्हणतात. जाड सालीचं ते ईडलिंबू.

तांबडा-पांढरा:
ईडलिंबाचं लोणचं कुणी घालतं का अजून?