मदत हवी आहे: गावठणातल्या नाताळच्या जत्रेत फक्त हातानं केलेल्या वस्तू ठेवायच्या आहेत, पण पारखायच्या कशा?

नमस्कार मंडळी,

अंधेरी पूर्वेला आमचं जुनं गावठण आहे. भोवती टॉवर उठले तरी आत अजून कौलारू घरं, व्हरांडे आणि मधोमध क्रूस आहे. नाताळच्या आधीच्या रविवारी क्रुसासमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही हस्तकलेची छोटी जत्रा भरवतो. ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती) घरं, कोळी, आमच्यासारखी मागाहून आलेली कोकणातली बिऱ्हाडं, सगळ्यांची टेबलं लागतात. यंदा नोंदणीचं काम माझ्याकडे आलंय.

टेबलाचं भाडं कमी आणि गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे बाहेरचे विक्रेते वाढलेत. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून घाऊक माल उचलायचा, नवी पिशवी चढवायची आणि 'हॅण्डमेड' म्हणून मांडायचा. शेजारच्या मावशी वर्षभर व्हरांड्यात बसून क्रोशाचं विणतात. गेल्या खेपेला एका बाईंनी त्यांचा रुमाल उलटसुलट करून पाहिला आणि "पलीकडे हेच निम्म्यात मिळतंय" म्हणून निघून गेल्या. पलीकडचं मशिनचं होतं. मावशींनी रुमालाची घडी घातली, बोलल्या काहीच नाहीत. यंदा टेबल नको म्हणतायत. मला ते फार लागलंय.

आमच्याकडचे एक काका अजून बांबूचे तारे बांधतात. कामट्या तासून पाच टोकांचे दोन सांगाडे करायचे, मध्ये आडव्या काड्या देऊन फुगवटा आणायचा, दोऱ्यानं करकचून बांधायचं आणि मग खळ लावून पतंगाचा कागद चढवायचा. प्लास्टिकच्या घडीच्या ताऱ्याशेजारी त्यांचा तारा महागच वाटणार.

तर, माल स्वतः केलेला आहे हे कुणाचा अपमान न करता तपासायचं कसं? आणि रेघ कुठे ओढायची? कुंभारवाड्यातून कोऱ्या पणत्या आणून त्यांवर वारली नक्षी रंगवणारी मुलगी माझ्या मते चालते, कारण तिचा हात त्यात दिसतो. तयार मणी आणून नुसते ओवणाऱ्यांचं ठरत नाहीये. बॉटल मसाला हस्तकलेत धरायचा का, यावरही कमिटीत वाद आहे. मी धरणार. मिरच्या उन्हात वाळवून, भाजून, कुटून गडद बाटल्यांत ठासून भरणं हे हाताचंच काम आहे. कुणी असं काही चालवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद (मुलुंडकरीण): आमच्या दिवाळीआधीच्या प्रदर्शनात हाच त्रास होता. आता अर्जासोबत अर्धवट झालेल्या वस्तूचा फोटो मागतो. स्वतः करणाऱ्यांच्या फोनमध्ये असा फोटो असतोच, घाऊक आणणाऱ्यांकडे नसतो. दुसरी अट, टेबलावर बसताना हातात काम हवं. क्रोशा, ब्रश, सुई, जे असेल ते. लोक आपोआप थांबून बघतात आणि किमतीवरून घासाघीसही कमी होते. नियम सगळ्यांना सारखा ठेवा, कमिटीतल्यांच्या घरच्यांनाही. तिथे सूट दिलीत की संपलं. खाण्याच्या टेबलांकडून एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नोंदणीची प्रत आधीच घ्या.

प्रतिसाद (विलेपार्लेकर): काकांना तयार तारे कमी आणि सांगाडे जास्त आणायला सांगा. कागद चढवायचं काम मुलांना पैसे घेऊन करू द्या. आमच्याकडे कंदिलांचं तसं केलं, पालक रांग लावतात. आणि मावशींचं टेबल प्रवेशाजवळ ठेवा. स्वस्त माल आधी दिसला की पुढचं सगळं महाग वाटतं.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. अर्धवट वस्तूच्या फोटोची अट आजच अर्जात घातली. काकांना सांगाड्यांचं सांगितलं, ते कामट्या तासायला बसलेसुद्धा. मावशींना प्रवेशाजवळची जागा देऊ केलीय, "बघते" म्हणाल्यात. एक शंका उरते: विणणारी व्यक्ती आजारी असेल आणि टेबलावर मुलगी किंवा सून बसणार असेल, तर हातात कामाची अट शिथिल करावी का? मला करावीशी वाटते, पण त्याच फटीतून घाऊकवाले शिरतील ही भीती आहे. मणी ओवणाऱ्यांबद्दलही कुणाचा अनुभव असेल तर लिहा. अर्ज छापायला द्यायचे आहेत.