मदत हवी आहे : टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरही बोलणे गेंगाणे येते, खरी तपासणी कशी असते?

रामबागची आई, इंदूर
नमस्कार. माझ्या मुलाच्या दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झाली आहे, तरीही तो गेंगाणे बोलतो आणि घराबाहेरच्या माणसांना त्याचे निम्मे शब्द कळत नाहीत. एका डॉक्टरांनी दहा मिनिटे त्याचे बोलणे ऐकले आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगितले. दुसरीकडे स्पीच थेरपीने भागेल, शस्त्रक्रियेचे नावही काढू नका, असे बजावले. येत्या सोमवारी आम्हाला होय किंवा नाही कळवायचे आहे. कोणाचे ऐकावे? कृपया लवकर लिहावे.

सावली
ताई, मुलाचे वय, शस्त्रक्रिया कितव्या महिन्यात झाली, पाणी पिताना ते नाकातून येते का, कान तपासले आहेत का, यांतले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. माझ्या मुलीच्या टाळूत मसुराएवढे भोक राहून गेले होते आणि आम्ही वर्षभर थेरपीला दोष देत बसलो होतो. आधी बॅटरीच्या उजेडात टाळू नीट पाहून घ्या.

लष्करकर, ग्वाल्हेर
एवढी गुंतागुंत करण्याचे कारण नाही. माझ्या पुतण्याला आम्ही रोज सकाळी शंख फुंकायला लावत होतो, संध्याकाळी फुगे आणि बासरी. दोन वर्षांत त्याचे बोलणे पुष्कळ सुधारले. टाळूचे स्नायू बळकट झाले की हवा नाकात जाणे थांबते.

वाचा-उपचारक, वडोदरा
मी याच मुलांबरोबर काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते. फुंकताना टाळू ज्या रीतीने उचलली जाते, त्या रीतीने ती बोलताना उचलली जात नाही. त्यामुळे उत्तम शंख वाजवणारे मूलही बोलताना गेंगाणेच राहू शकते, आणि टाळू लांबीलाच कमी पडत असेल तर कोणत्याही व्यायामाने ती लांब होत नाही.

तपासणीचे पहिले साधन म्हणजे तयार झालेला कान. म, न, ण हे वर्ण मुळातच नाकातले, म्हणून ते वगळून केलेली वाक्ये मुलाकडून म्हणवून घेतात. प, ट, क, स यांना तोंडात हवेचा दाब लागतो. तो दाब नाकावाटे निसटला की नाकाखाली धरलेल्या थंड आरशावर वाफ धरते. परंतु एवढ्यावर थांबता येत नाही. दाब साठत नाही म्हणून बरीच मुले ‘क’ किंवा ‘ट’च्या जागी घशातच झटका देण्याची सवय लावून घेतात. ही सवय शस्त्रक्रियेने जात नाही, थेरपीनेच जाते. उलट टाळू खरोखरच अपुरी असेल, तर तेथे थेरपी हात टेकते. तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या परीने बरोबर असू शकतात.

हिरवळ
दातांचेही पाहा. हिरडीतही फट असेल तर तेथे हाड भरण्याची शस्त्रक्रिया बहुधा 8 ते 11 या वयात, सुळा येण्यापूर्वी करतात.

लष्करकर, ग्वाल्हेर
मी डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे म्हणता?

वाचा-उपचारक, वडोदरा
खोटे म्हणत नाही, काका. त्या दोन वर्षांत पुतण्याची थेरपीही चालू होती का?

लष्करकर, ग्वाल्हेर
होती, आठवड्यातून दोनदा.

रामबागची आई, इंदूर
घाईत बरेच लिहायचे राहिले. मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, शस्त्रक्रिया चौदाव्या महिन्यात झाली. टाळूत भोक दिसत नाही. कान कोणीच तपासलेले नाहीत. दोन्ही ठिकाणची तपासणी हिंदीत झाली. घरी आम्ही मराठीच बोलतो. एका अहवालात ‘चाक’ हा शब्द चुकीचा उच्चारतो असे लिहिले आहे, पण माझ्या कानाला तो शब्द अगदी ठीक वाटतो.

वाचा-उपचारक, वडोदरा
हे तुम्ही आधी लिहायला हवे होते! मराठीत ‘चाक’मधला च दातांजवळचा आणि ‘चार’मधला टाळूचा, हिंदीत पहिला च नाहीच, त्यामुळे हिंदी कानाला मुलाचा बरोबर उच्चारही दोष वाटतो. मुलाची घरची भाषा जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून, नमुना ध्वनिमुद्रित करून, शक्य असल्यास दोघांनी स्वतंत्रपणे ऐकून तपासणी व्हायला हवी. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठणे फार सामान्य आहे, म्हणून श्रवणचाचणी टाळू नका. साडेसहाव्या वर्षी बरीच मुले नाकातून घातलेली बारीक दुर्बीण सहन करतात. बोलताना टाळू घशाच्या मागच्या भिंतीला टेकते का, हे तीत प्रत्यक्ष दिसते. मात्र मूल सगळेच वर्ण घशातून काढत असेल तर टाळू उचलण्याचा प्रयत्नच करत नाही आणि फट आहे त्याहून मोठी दिसते. म्हणून आधी काही वर्ण तोंडातून काढायला शिकवून मग दुर्बीण लावणे चांगले. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेलाच तज्ज्ञ शोधा. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत अशा मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

सावली
आणि कोणी मध्येच अॅडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असणारी गाठ) काढायला सांगितले तर आधी या तज्ज्ञांना विचारा. लहान मुलांची टाळू बंद होताना पुष्कळदा त्या गाठीलाच टेकते; ती काढल्यावर गेंगाणेपणा वाढू शकतो.

रामबागची आई, इंदूर
काल रात्री जेवणानंतर त्याला ‘काका, पोपट उडाला’ असे चार वेळा म्हणायला लावले, दोनदा नाक मोकळे आणि दोनदा चिमटीत धरून. ‘पोपट’ म्हणताना चिमटीत आवाज एकदम बदलला. ‘काका’तला क मात्र दोन्ही वेळा तसाच, घशातून तुटल्यासारखा आला. म्हणजे हवाही निसटते आणि सवयही लागली आहे, असे मला वाटते. ध्वनिमुद्रण करून ठेवले आहे. सोमवारी शस्त्रक्रियेला होकार देणार नाही. कानाची चाचणी लिहून मागणार आहे आणि मराठीतून तपासणारे कोणी इंदुरात किंवा वडोदऱ्यात आहे का, ते विचारणार आहे.

वाचा-उपचारक, वडोदरा
ध्वनिमुद्रणात ‘मामा’, ‘नाना’ असे शब्दही घ्या. नाक धरल्यावर तेथे आवाज बदलायलाच हवा. न बदलल्यास नाक चोंदलेले आहे का, तेही पाहावे लागेल.