मदत हवी आहे: पोराची दाढ काढू का फिलिंग? लवकर सांगा

कापूसकोंड्या: तालुक्यातला डॉक्टर साडेचार हजार सांगून राहिला. मी म्हणतो दुधाचीच दाढ हाय, पडणारच हाय, मग उपटून टाकू का? रातभर झोपला नाही. अनुभव असंल त्यानंच सांगा.

वऱ्हाडी_काकू: अहो भाऊ, वय काय, दाढ कोणती, गाल सुजला का? काहीच नाही लिहिलं. तोवर लवंग धरा, आमच्या नातवाला लवंगेनंच उतार पडला.

कापूसकोंड्या: सात वर्ष. खालची डावीकडली, मागची. थोडी सूज हाय, ताप नाही.

बोअरचं_पाणी: पाणी तपासा आधी! आपल्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरीकडे पाण्यात फ्लोराइड किती हाय माहीत हाय ना?

दातवाला: फ्लोराइडनं डाग पडतात, भोकं नाही पडत बाप्पा. भोकं पाडते ते पाच रुपयाचं क्रीमचं बिस्किट, अन् रात्री दात न घासता झोपणं. कापूसकोंड्या, मधल्या दातापासून मागे मोजा. चौथी-पाचवी असंल तर दुधाची, तीही दहा-बारा वर्षांपर्यंत लागते. सहावी असंल तर पक्की! सहाव्या वर्षी ती दुधाचा दात न पडताच मागून येते म्हणून सगळे फसतात. काढली तर परत नाही येत. अन् लवंगेनं पू जात नाही काकू. सूज डोळ्याकडं किंवा जबड्याखाली गेली, ताप आला, तोंड उघडेना झालं तर आजच दवाखाना.

ब्रेसेसवाला: माझे ब्रेसेस अमरावतीला हप्त्यानं पैसे भरून झाले, मस्त काम.

दातवाला: कोणी विचारलं बे?

नागपूरकर: नागपूरला मेडिकल कॉलेजजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे जा, खर्च फारच कमी.

कापूसकोंड्या: ताई, इथून दीडशे किलोमीटर. कापसाची वेचणी चालू हाय, एक दिवस गेला की दोघांची मजुरी गेली, बसचं भाडं वेगळं, अन् तिथं एका चकरीत कुठं होते? स्वस्त तुम्हाले, तिथंच राहता.

वऱ्हाडी_काकू: शाळेत तपासणीची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्यची? दात पाहतात, पुढं पाठवायचा कागदही देतात.

कापूसकोंड्या: आली होती. कागद आत्ता दप्तरात सापडला, भूगोलाच्या पुस्तकात. जुलैचा हाय, आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

बोअरचं_पाणी: तरी पाणी तपासाच.

कापूसकोंड्या: मोजलं. सहावी हाय. पांढरकवड्याहून नागपूरची पहिली बस किती वाजता निघते, कोणाले माहीत हाय का?