मदत हवी आहे: आईच्या नाकावरच्या कॅन्सरचं ऑपरेशन, जागा बधिर करायला कोणतं औषध बरं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची, वजन ५२ किलो, आम्ही साताऱ्याचे. तिच्या नाकाच्या डाव्या पाळीवर दीड वर्षापासून मोत्यासारखी चकाकणारी एक बारीक पुळी होती. खपली धरायची, पडायची, थेंबभर रक्त यायचं, पुन्हा खपली. चष्मा घासतो म्हणून होत असेल, असंच आम्ही धरून चाललो. गेल्या महिन्यात तुकडा तपासायला दिला तेव्हा बेसल सेल कार्सिनोमा निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं: हा सहसा अंगात पसरत नाही, पण जागच्या जागी खोल खात जातो, आणि नाकावर असल्यामुळे मुळासकट काढायला हवा.

पुढच्या आठवड्यात पुण्यात मोह्स पद्धतीने ऑपरेशन ठरलं आहे. एक पातळ थर काढायचा, तो गोठवून त्याच्या सगळ्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, जिथे पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागेचा पुढचा थर घ्यायचा. दोन थरांच्या मध्ये पट्टी लावून बाहेर बसायचं. म्हणजे सकाळी आत गेलेली आई दुपारपर्यंत, कदाचित संध्याकाळपर्यंत तिथेच, आणि सगळा वेळ जागी.

तिला कॅन्सरपेक्षा सुईची धास्ती आहे. तुकडा काढताना दिलेली सुई तिला निखारा ठेवल्यासारखी लागली. ती आठवण काढली तरी डोळ्यांत पाणी येतं तिच्या. शिवाय चार वर्षांपूर्वी दाढ काढायच्या वेळी सुई दिल्यावर छातीत जोरात धडधडलं, हात कापायला लागले. तिथे फाईलवर लाल शाईने ‘भुलीच्या औषधाची ॲलर्जी’ असं लिहून दिलं. तेव्हापासून ते तसंच आहे.

डॉक्टर म्हणाले, ‘लिग्नोकेन विथ ॲड्रिनलिन देऊ, लागलं तर शेवटी बुपिव्हाकेन.’ मी वाचून एवढं समजून घेतलं: लिग्नोकेन (आपण सगळे झायलोकेन म्हणतो ते) मिनिट-दोन मिनिटांत काम सुरू करतं पण लवकर उतरतं. बुपिव्हाकेन चढायला पाच-दहा मिनिटं घेतं पण कित्येक तास टिकतं. मग सुरुवातीलाच बुपिव्हाकेन का देत नाहीत? दिवसभराचं काम आहे ना? आणि ते सुईचं जळणं कोणत्या औषधात कमी असतं?

आईच्या गोळ्या: ॲम्लोडिपिन ५ (रक्तदाबाची), इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी), आणि गेल्या वर्षापासून हात थरथरतात म्हणून प्रोप्रानोलॉल ४०, दिवसातून दोनदा.

घाटमाथा

मी भूलतज्ज्ञ आहे, २२ वर्षं हेच काम करते. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण प्रश्न फार चांगले विचारलेत.

आधी ते लाल अक्षर. दाताच्या सुईत लिग्नोकेनसोबत ॲड्रिनलिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) असतं, आणि आपल्याकडे दातांसाठी बहुधा १:८०,००० (ऐंशी हजार भागांत एक भाग) ताकदीचं वापरतात. हिरडीला रक्तपुरवठा भरपूर, त्यातलं थोडं जरी पटकन रक्तात गेलं तरी छाती धडधडते, हात कापतात, घाबरल्यासारखं होतं. ही ॲड्रिनलिनची लक्षणं, ॲलर्जीची नाहीत. लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन दोन्ही अमाइड गटातली, आणि या गटाची खरी ॲलर्जी फार विरळा. कधी कधी औषधाची नसून बाटलीत टिकण्यासाठी घातलेल्या मिथाइलपॅराबेनची असते. तेव्हा मला सांगा, त्या दिवशी अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ-डोळे सुजले, श्वास लागला?

आता जळण्याबद्दल. लिग्नोकेन मुळात आम्लधर्मी असतं. ॲड्रिनलिन टिकावं म्हणून ते मिसळलेलं औषध आणखी आम्ल ठेवतात, आणि आईंना लागला तो निखारा बराचसा त्याचा. यावर साधा उपाय आहे: ८.४ टक्के सोडाबायकार्ब, नऊ-दहा भाग लिग्नोकेनला एक भाग, टोचायच्या आधी ताजं मिसळायचं. जळणं लक्षणीय कमी होतं. बुपिव्हाकेनमध्ये हे नीट जमत नाही, सोडा घातला की साका धरतो. टोचताना तेही चांगलंच झोंबतं. म्हणून पहिली सुई लिग्नोकेनची आणि बुपिव्हाकेन नंतर, आधीच बधिर झालेल्या जागेत, हा क्रम मला सर्वात बरा वाटतो. तुमच्या डॉक्टरांनी तोच सांगितला आहे.

बाकी अर्धं दुखणं टोचणाऱ्याच्या हातावर असतं. ३० नंबरची बारीक सुई, औषध खोलीच्या नव्हे तर अंगाच्या उबेचं, आणि सावकाश, अगदी सावकाश ढकलणं. नाकाची कातडी हाडा-कुर्चेला घट्ट चिकटलेली, औषध पसरायला जागाच नसते, म्हणून तिथे घाई केली की ताण बसून भयंकर दुखतं. डोळ्याखालच्या हाडातून येणाऱ्या नसेपाशी आधी थोडं औषध देऊन ती बाजू सुन्न करता येते, मग नाकावरची सुई बरीच सुसह्य होते. हे जरूर विचारा. टोचायच्या तासभर आधी लिग्नोकेन-प्रिलोकेनचं मलम जाड थर देऊन वरून झाकून ठेवलं तर पहिला टोचाही कमी कळतो, मात्र डोळ्यात जाऊ द्यायचं नाही.

ॲड्रिनलिन नकोच, असं मात्र म्हणू नका. रक्तवाहिन्या आवळल्या की रक्त कमी येतं, कडा स्वच्छ दिसतात, औषध जागेवर थांबतं आणि बधिरपणा दुपटीहून जास्त वेळ टिकतो. त्वचेसाठी १:१,००,००० किंवा १:२,००,००० पुरतं. नाक, कान, बोटं यांना ॲड्रिनलिन देऊच नये, असं आम्हाला शिकवलं होतं. नंतरच्या अनुभवाने ती भीती बरीच निवळली. रक्तवाहिन्या पूर्ण आवळायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेव्हा सुई दिल्यावर डॉक्टर थांबले तर काहीतरी अडलंय असं समजू नका.

पण प्रोप्रानोलॉल वाचून मी थबकले. ही गोळी चालू असताना ॲड्रिनलिन रक्तात गेलं तर रक्तदाब एकदम वर जाऊन नाडी मंद होऊ शकते. त्वचेच्या कामात लागतं तेवढ्या थोड्या औषधाने असं क्वचितच होतं, पण डॉक्टरांना माहीत हवंच. दाढेच्या वेळी ही गोळी नव्हती, म्हणजे तो अनुभव इथे धरून चालणार नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, अचानक थांबवणंही धोक्याचं. इकोस्प्रिनचंही तसंच, बहुतेक डॉक्टर या ऑपरेशनला चालूच ठेवतात, पण विचारून.

मात्रेचा हिशेब: ॲड्रिनलिनसह लिग्नोकेन किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे आईंना ३६४. एक टक्क्याच्या औषधात ते ३६ मिलिलिटर झालं, दोन टक्क्यांच्या औषधात १८. नाकाला यातलं थोडंच लागतं. पण दोन औषधं दिली की दोघांचा भार एकत्र मोजायचा, आणि बुपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे दोनेक मिलिग्रॅम इतकीच. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर हृदयावर जास्त घातक, म्हणून सुरुवातीलाच भरमसाट देत नाहीत.

प्राजक्त

एक शंका. पूर्ण भूल देऊन झोपवूनच का करत नाहीत? आईंना काही कळणारच नाही.

घाटमाथा

मोह्समध्ये प्रत्यक्ष कापणं काही मिनिटांचं, वाट बघणं तासांचं. त्या सगळ्या वेळासाठी ७१ वर्षांच्या बाईंना पूर्ण भुलीखाली ठेवण्याचा धोका कशाला? फार घाबरल्या तर शांत करणारी हलकी गोळी देता येते.

निंबोणी

माझ्या बाबांचं कानावरचं असंच ऑपरेशन झालं, तीन थर घ्यावे लागले. तिसऱ्या वेळी बधिरपणा उतरला होता आणि बाबा काही बोललेच नाहीत. ‘डॉक्टर एवढे मन लावून काम करतायत, मध्येच कशाला बोलायचं’ म्हणून दात आवळून पडून राहिले. बाहेर आले तेव्हा सदरा घामाने भिजलेला. मला अजून वाईट वाटतं. आपली ही पिढी सहन करण्यालाच शहाणपण समजते. आईंना आधीच बजावून ठेवा: जरा जरी चुरचुरलं तरी डावा हात वर करायचा. आणि हे त्यांच्यासमोर डॉक्टरांनाही सांगा, म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही. प्रत्येक थराआधी ‘आधी टोचून बघा, मग कापा’ असं म्हणायचा त्यांना हक्क आहे.

ओढलं-दाबलं जाणं मात्र कळतं, ते दुखणं नव्हे. हा फरक आधी सांगितला असता तर बाबा कमी घाबरले असते.

कृष्णाकाठ

घाटमाथा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आईला विचारलं. गांधी नाहीत, सूज नाही, श्वासही लागला नाही, दहा मिनिटांत आपोआप निवळलं होतं. प्रोप्रानोलॉलचं आम्ही डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं! ती गोळी मेंदूच्या डॉक्टरांनी दिलेली, आमच्या डोक्यात ती ‘हाताची गोळी’ होती. उद्या सकाळीच फोन करते.

कृष्णाकाठ

ऑपरेशन झालं. दोन थरांत कडा स्वच्छ आल्या.

फोनवर डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, लाल अक्षराबद्दल विचारून आधी हातावर छोटी चाचणी करून घेतली. काही झालं नाही. ॲड्रिनलिन १:२,००,००० चंच, थोडं थोडं, प्रत्येक वेळी रक्तदाब बघून. सोडाबायकार्ब मिसळण्याबद्दल मी बिचकतच विचारलं, तर म्हणाले, ‘आम्ही नेहमीच घालतो.’ डोळ्याखालची सुई आधी दिली. आई म्हणाली, मुंगी चावल्याएवढं, मागच्यासारखं नाही.

दुसऱ्या थराच्या वेळी तिने खरंच हात वर केला. डॉक्टर थांबले, अजून थोडं औषध दिलं, टोचून खात्री केली आणि मग पुढे गेले. निंबोणी, तुमच्या बाबांची गोष्ट तिला सांगितली होती मी. टाके घालायच्या आधी त्याच बधिर जागेत बुपिव्हाकेन दिलं. रात्री नऊपर्यंत गाल आणि वरचा ओठ सुन्न होता, म्हणून चहा कोमट करून चमच्याने पाजला. दुखणं सुरू व्हायच्या आधीच पॅरासिटामॉल दिली होती. रात्री झोपली.

फाईलवर आता डॉक्टरांनी सही करून लिहून दिलं आहे की लिग्नोकेनची ॲलर्जी नाही, ॲड्रिनलिनने धडधड होते, प्रोप्रानोलॉल चालू आहे.

टाके मंगळवारी काढायचे आहेत. त्याला पुन्हा सुई लागत नाही ना, एवढंच ती सकाळपासून विचारते आहे. कुणाला माहीत असेल तर आजच सांगा.