फळमाशीच्या भ्रूणात चौदाव्या चक्राचे वेळापत्रक कोण ठरवते?

प्रश्न:
ड्रोसोफिला या फळमाशीच्या भ्रूणात पहिली १३ केंद्रक-विभाजने जवळजवळ एकाच वेळी होतात. सुरुवातीची तर दर आठ-नऊ मिनिटांनी एक. चौदाव्या चक्रात पेशी वेगळ्या झाल्या, की प्रत्येक भाग आपापल्या वेळी विभागू लागतो. पाठ्यपुस्तक विभाजनाचे श्रेय सायक्लिन या, पेशीला विभाजनाकडे नेणाऱ्या प्रथिनाला देते. परंतु ते तर त्या वेळी सर्वच पेशींत असते. मग हा क्रम कशामुळे ठरतो?

पहिले उत्तर:
'स्ट्रिंग' या जनुकामुळे. सायक्लिनशी जोडलेल्या सीडीके-१ या विकरावर फॉस्फेट गट बसलेले असतात आणि ते काढले जाईपर्यंत विकर निष्क्रिय राहते. काढण्याचे काम स्ट्रिंगचे प्रथिन करते (यीस्टमधील सीडीसी-२५ चा हा भाऊबंद). आरंभीच्या चक्रांना मातेने अंड्यात ठेवलेला स्ट्रिंगचा आरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनते) पुरतो. चौदाव्या चक्रात तो नष्ट होतो आणि पेशीला स्वतःच्या जनुकावर विसंबावे लागते. ब्रूस एडगर आणि पॅट्रिक ओ'फॅरल या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले, की ज्या भागात स्ट्रिंगचा आरएनए आधी दिसतो, तो भाग थोड्याच वेळात विभागतो. त्याहून निर्णायक पुरावा पुढच्या वर्षीचा: उष्णतेचा झटका देऊन हे जनुक सर्वत्र चालू केले असता पेशी वेळेआधीच विभागल्या. जनुक निकामी असलेल्या भ्रूणात पेशी डीएनए दुप्पट करून जी-२ टप्प्यात (विभाजनाच्या अगदी आधीच्या) अडकतात, तरीही भ्रूणाला घड्या पडत राहतात, हे मला सर्वांत विलक्षण वाटते.

दुसरे उत्तर:
वरील उत्तराला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पोटाकडील भावी मध्यस्तरात (ज्यापासून पुढे स्नायू वगैरे बनतात) स्ट्रिंगचा आरएनए लवकर येतो, पण विभाजन लांबते, कारण 'ट्रिबल्स' हे प्रथिन स्ट्रिंगचे प्रथिन नष्ट करवते. विभागणारी पेशी गोल होते आणि तिला टोकाकडे आकसून आत वळता येत नाही. म्हणूनच ट्रिबल्स नसलेल्या भ्रूणात पोटाची खाच नीट पडत नाही.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. विभाजन थांबवण्याचा निर्णयही स्ट्रिंगच घेते का?

पहिले उत्तर देणारे:
नाही. बाह्यत्वचेच्या बहुतेक पेशी सोळाव्या विभाजनानंतर जी-१ मध्ये, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याआधीच्या टप्प्यात, थांबतात. तेथे 'डकापो' हे प्रथिन सायक्लिन-ई आणि सीडीके-२ यांच्या, डीएनए दुप्पट करायला लावणाऱ्या जोडीला रोखते. डकापो नसेल, तर त्या पेशी आणखी एकदा विभागतात.