पोर्टेड बॉक्सचं तोंड सीटकडे नको, डिकीच्या टोकाकडेच हवं

धागाकर्ता:
गाडीतल्या बारा इंची सबवूफरसाठी (बास, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर) पोर्टेड बॉक्स करतोय, म्हणजे हवा आत-बाहेर करायला पाइप (पोर्ट) असलेला. आतली निव्वळ जागा ५० लिटर, ट्यूनिंग, म्हणजे पोर्ट ज्या सुराला घुमतो तो, ३५ हर्ट्झ. सेडानमध्ये वूफर आणि पोर्ट दोन्ही मागे, डिकीच्या टोकाजवळ असावेत, असं माझं ठाम मत आहे. सीटकडे तोंड केलं की थेट लाट आणि मागच्या पत्र्यावर आपटून आलेली लाट एकमेकींना मारतात. ६० हर्ट्झची पाव तरंगलांबी साधारण १.४ मीटर. पत्रा बॉक्सपासून तेवढ्या अंतरावर असेल तर बास नेमका ६० हर्ट्झलाच दबतो.

प्रतिसाद १:
तोंड मागे करून डिकीचा पत्रा तेवढा खडखडवाल. त्यापेक्षा बॉक्स सीटच्या चौकटीला लावा, तोंड केबिनकडे ठेवा आणि कडेच्या फटी पक्क्या बुजवा. मागे आवाज गेलाच नाही तर आपटून येणार काय? पोर्टही त्याच बाजूला काढा, एक आत आणि एक डिकीत नको. शिवाय, पोर्ट हवाच कशाला? सीलबंद (पोर्ट नसलेल्या) बॉक्सचा आवाज खाली सप्तकामागे, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, १२ डेसिबलने उतरतो आणि बंद केबिन खालचा बास उचलून बराचसा भरून काढते. पोर्टेड २४ डेसिबलने कोसळतो. ट्यूनिंगच्या खाली कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधारच राहत नाही, तो मोकाट हलतो.

धागाकर्ता:
त्यासाठीच सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर वूफरपर्यंत जाऊ न देणारा. तो ३० हर्ट्झच्या आसपास लावणार आहे. आणि ३५ हर्ट्झला कोन जवळजवळ स्थिर असतो, काम पोर्ट करतो. तेवढ्याच वॅटमध्ये हा जोर सीलबंद देत नाही.

प्रतिसाद २:
दिशा नंतर ठरवा हो, पोर्टची रुंदी सांगा! खरी चूक तिथे होते. तुमच्या आकड्यांना १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप घेतला तर लांबी साधारण ३१ सेंटिमीटर. सोपं वाटतं, पण बारा इंची जोरात वाजला की एवढ्याशा तोंडातून हवा फुसफुसते. १५ घ्या, तर लांबी ७५ च्या पुढे जाते आणि पाइपच १३ लिटर खातो. ते १३ लिटर, वूफरचं मागचं धूड आणि आतले टेकू, सगळं ५० च्या वर धरा. पाइपच्या आतल्या टोकासमोर किमान एका व्यासाएवढी जागा मोकळी सोडा, नाहीतर ट्यूनिंग खाली घसरतं.

धागाकर्ता:
मी १० चाच धरला होता. आता १५ चा पाइप काटकोनात वळवून बसवतो. तोंड मात्र मागेच.

प्रतिसाद १:
फटी बुजवून एकदा पुढे तोंड करून ऐका. बॉक्स फिरवायला दहा मिनिटं लागतात. बॉक्स कायमचा बसवल्यावर मत बदलता येणार नाही.