प्रागमध्ये गाइडसोबत पायी फिरावं का? आईचे गुडघे दुखतात

परभणीकर
नमस्कार मंडळी. मुलगी प्रागला शिकायला आहे. सप्टेंबरात मी, बायको आणि माझी आई (वय ७१) तिच्याकडं चाललोत. मुलगी म्हणायलीय, पहिल्याच दिवशी गाइडबरोबर जुनं शहर पायी बघा, अडीच तास लागतात. आई रोज देवळापर्यंत चालत जाते, पण एका जागी उभं राहिलं की गुडघे धरतात. गाइड करावा, का आपलं आपण फिरावं?

खुलताबादची लेक
दादा, गाइड कराच. आम्ही पहिल्या दिवशी आपापलेच फिरलो. जुन्या चौकातल्या घड्याळाखाली ठोका पडायची वाट बघत थांबलो. घड्याळ १४१० चं. मलिक अंबरनं खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली १६१० साली, म्हणजे आपल्या शहरापेक्षा दोनशे वर्षांनी थोरलं! सांगाडा घंटी वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात. सगळ्यांच्या माना वर.

दुसऱ्या दिवशी गाइडबाईनं तिथून चार पावलांवर नेऊन खाली बघायला लावलं. फरसबंदीत पांढरे क्रूस, २७. १६२० साली पांढऱ्या टेकडीच्या लढाईत हाब्सबुर्ग घराण्याच्या सम्राटाविरुद्ध उठलेले चेक सरदार हरले आणि सम्राटानं बंडातल्या २७ जणांना २१ जून १६२१ ला त्या चौकात मारलं. बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर टांगली. नंतर ती आम्हाला त्याच बुरुजाखालून पुलावर घेऊन गेली, तेव्हा कुणी बोलेना. आदल्या दिवशी मी त्या क्रूसांवरून चप्पल घालून गेले होते. अजून मनाला लागतं.

देवगिरी किल्ल्याच्या अंधारी भुयारात वाटाड्या नसला तर काय कळतं? तसंच हे.

फुकट म्हणून ज्या फेऱ्या असतात त्यात शेवटी टिप द्यायची असते, गाइडची कमाई तीच. द्या मनापासून. पण त्यात घोळका मोठा असतो. आजींसाठी पैसे भरून छोटा गट घ्या आणि गुडघ्यांचं आधीच सांगून ठेवा. प्रागच्या किल्ल्यावर २२ नंबरच्या ट्रामनं जा, उतरताना चालत या.

लातूरचा पाहुणा
उतरताना चालत नको, ताई. गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट, शिवाय रस्ते दगडी. परतायलाही ट्रामच घ्या. चार्ल्स पूल मात्र सपाट आहे, ५१६ मीटर, दोन्ही बाजूंनी मिळून ३० पुतळे. सकाळी सातच्या आत गेलात तर आजी निवांत कठड्याला टेकतील. काठीला बसायची पाटी असते ना, ती घेऊन जा. गाइड एकेका जागी दहा-दहा मिनिटं बोलतो, खरा त्रास तिथं होतो.

परभणीकर
लई उपकार झाले. छोटाच गट घेतो. आईला क्रूसांचं वाचून दाखवलं. ती विचारायलीय, तिथं फूल ठेवू देतात का? आणि ती पाटीवाली काठी आपल्याकडं कुठं मिळंल?